दशमांश दिला, मग गावच्या भाऊबंदांचं काय?

सलाम भाऊ,

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून बाकी वाचणाऱ्यांसाठी तो आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही आणि तुमच्या मिसेस दोघं पुण्यात आयटीत आहात. राहतं घर आहे, शिवाय वाकडला गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घेतलाय. मूळ गाव शेवगावकडचं. आजोबांना मिशनच्या बोर्डिंगात घेतलं, ते पुढे मास्तर झाले. त्यांचा धाकटा भाऊ गुरं राखायला घरीच राहिला. त्या भावाची नातवंडं आज मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन दरवर्षी ऊसतोडीला जातात. तुमच्या शहरातल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शिकवतात की दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग दे, देव आकाशकपाटं उघडेल. गावच्या पाळकांनी मात्र नाताळात 'श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं' या येशूच्या वाक्यावर उपदेश केला, आणि तो आपल्यालाच उद्देशून होता असं तुम्हाला वाटलं. तुम्ही विचारता: श्रीमंत असणं पाप आहे का? दहा टक्के नियमाने दिल्यावर आणखी काय उरतं? आणि मी मेहनतीने कमावलेल्यात भाऊबंदांचा वाटा आला कुठून? शिवाय गावाकडे द्यायला तुमच्या मिसेस नाराज आहेत.

मी पाळक आहे. आधी बरीच वर्षं नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या मंडळ्या सांभाळल्या, मग शहरात आलो. त्यामुळे तुमच्या गावचं घर आणि तुमचा फ्लॅट, दोन्हीकडचा चहा माझ्या ओळखीचा आहे. तुम्ही तीन वेगळे प्रश्न एकात गुंडाळले आहेत आणि ते ज्या क्रमाने विचारलेत तो क्रम मला उलटा वाटतो. आपण दानापासून सुरुवात करतो. शास्त्र त्याआधी विचारतं, कुणाचं काही तुमच्याकडे अडकलंय का? मग विचारतं, तुमच्या दारात कोण आहे? मंडळीच्या पेटीत किती टाकायचं हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी उंटाचं पाहू. काही उपदेशक सांगतात की यरुशलेमेच्या तटाला 'सुईचं नाक' नावाचा ठेंगणा दरवाजा होता, उंट ओझं उतरवून, गुडघे टेकून त्यातून आत जायचा. गोष्ट ऐकायला बरी वाटते, पण असा दरवाजा होता याला प्राचीन पुरावा नाही. ती मध्ययुगात निघालेली आहे. शिवाय येशूचं ते वाक्य ऐकून शिष्य थक्क झाले आणि म्हणाले, मग तारण होणार तरी कोणाचं? ठेंगणा दरवाजा ऐकून कोणी एवढं थक्क होत नाही. तेव्हा ते वाक्य जसं बोचतं तसं बोचू द्यावं.

पण ते वाक्य कुणावरून निघालं तेही पाहायला हवं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात सार्वकालिक जीवनाबद्दल विचारायला आलेल्या एका श्रीमंत तरुणापुढे येशू आज्ञा मोजतो: खून करू नको, व्यभिचार करू नको, चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको. आणि मध्येच म्हणतो, ठकवू नको. ही आज्ञा दहा आज्ञांत नाही. मत्तय आणि लूक हीच गोष्ट सांगतात, त्यांच्याकडेही ती नाही. जमीनजुमला असलेल्या माणसाशी बोलताना येशूने ती घातली, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्या काळी मोठी मालमत्ता म्हणजे जमीन, आणि जमीन म्हणजे मजूर आणि कर्जदार कुळं.

त्या तरुणाला येशूने सगळं विकायला सांगितलं. लूक हीच गोष्ट अठराव्या अध्यायात सांगतो आणि पुढच्याच अध्यायात जक्कयाची. तो यरीहोतल्या जकातदारांचा मुख्य. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याला नाडलं असेल त्याला चौपट परत करतो म्हणतो. येशू त्याला 'उरलेलं अर्धंही वीक' म्हणत नाही. आज या घराला तारण झालं, एवढंच म्हणतो. आणि लूकच्याच आठव्या अध्यायात योहान्ना, सुसान्ना आणि इतर बायका आपल्या पैशाने येशूची आणि शिष्यांची सोय पाहताना दिसतात. त्यांना कोणी सर्वस्व विकायला सांगितलेलं नाही. म्हणून 'श्रीमंत असणं पाप आहे का' याचं एका शब्दात उत्तर मी देत नाही. श्रीमंत असणं धोक्याचं आहे, हे मात्र येशू इतक्यांदा म्हणतो की ते गाळून ख्रिस्ती होता येणार नाही.

धोका कसला? लूकच्या सोळाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस बघा. त्याने पैसा लबाडीने मिळवला असा एक शब्द तिथे नाही. त्याच्या दाराशी लाजर नावाचा भिकारी पडलेला आहे, बस. मेल्यावर कळतं की त्याला लाजराचं नावसुद्धा माहीत होतं. तरी यातनेत असूनही तो लाजराशी बोलत नाही, अब्राहामाला सांगतो की त्याला पाण्यात बोट बुडवून इकडे पाठव, नाहीतर माझ्या भावांकडे पाठव. तिथेही लाजर त्याच्या लेखी हरकाम्याच आहे. पैसा डोळ्यांवर हा परिणाम करतो. मी तो शहरातल्या भल्या, प्रार्थनाशील कुटुंबांत पाहिलाय.

आता अडकलेल्या देण्यांकडे येतो. तुमच्या मंडळीत मलाखीचं तिसऱ्या अध्यायातलं दहावं वचन वारंवार वाचतात, आकाशकपाटांचं. त्याच अध्यायाचं पाचवं वचन वाचलेलं मी क्वचितच ऐकलंय. त्यात देव म्हणतो की मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांविरुद्ध, विधवा आणि अनाथ यांना छळणाऱ्यांविरुद्ध मी साक्षीदार होऊन उभा राहीन. दशमांशाची गोष्ट त्यानंतर येते. बायबलातल्या लेवीय या पुस्तकात मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नको अशी आज्ञा आहे, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात सूर्य मावळायच्या आत दे अशी. याकोब तर पाचव्या अध्यायात म्हणतो, तुमची शेतं कापणाऱ्यांची दाबून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या माणसाला हे वचन समजावून सांगावं लागत नाही.

तुमच्या प्रश्नात घरकामाला येणाऱ्या मावशींचा उल्लेख नाही, पण दोघं नोकरीला म्हणजे कोणीतरी येत असणार. त्यांचा पगार ठरल्या तारखेला जातो का? त्या आजारी पडल्या तर पैसे कापता का? तुम्ही महिनाभर सुट्टीवर गेलात की त्यांचाही महिना बुडतो का? 'आमच्या सोसायटीत हाच रेट आहे' हे उत्तर मला बरेचदा मिळतं. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या स्थितीवर जे परिपत्रक काढलं त्यात याचं उत्तर आहे: मालक आणि मजूर यांनी कबूल केलं एवढ्याने मजुरी न्याय्य होत नाही, नेकीने आणि काटकसरीने राहणाऱ्या मजुराचं तिच्यात भागलं पाहिजे. मी प्रोटेस्टंट आहे, तरी हे वाक्य उपदेशात घ्यायला मला कधी संकोच वाटला नाही. हा हिशेब आधी नीट करा. ते दान समजू नका आणि दशमांशातून वळतं करू नका.

आता तुमच्या 'मी मेहनतीने कमावलं' कडे. खरं आहे, रात्री जागलात, परीक्षा दिल्यात. पण अनुवादाच्या आठव्या अध्यायात अगदी हेच वाक्य आहे: माझ्याच सामर्थ्याने, माझ्याच हातच्या बळाने मी हे धन मिळवलं असं मनात म्हणशील, तेव्हा आठव ठेव. नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं १८३१ मध्ये, पण खेडीच्या खेडी ख्रिस्ती झाली ती पुढे, बरीचशी १८७६-७८ आणि शतकअखेरच्या दुष्काळांच्या आगेमागे, आणि बहुतेक महार-मांग वस्त्यांतून. बोर्डिंगात सगळी मुलं घेणं शक्य नव्हतं. एका घरातून एकाला, फार तर दोघांना जागा. कोण जाणार ते कधी पाद्रीसाहेबांच्या नजरेवर ठरलं, कधी वयावर, कधी 'मोठा गेला तर गुरांकडे कोण' या हिशेबावर. तुमच्या आजोबांचं शिक्षण त्यांच्या हुशारीचं फळ होतंच, पण त्यात धाकट्या भावाने राखलेल्या गुरांचाही वाटा होता. कोणी कोणाला लुबाडलं नाही, म्हणून जक्कयासारखी चौपट भरपाई इथे लागू होत नाही. पण 'वाटा आला कुठून' याचं उत्तर तुमच्याच कुटुंबाच्या गोष्टीत आहे, आणि ती तुम्हीच लिहून पाठवली आहे.

त्यात आणखी एक पदर आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. तुमच्या आजोबांना मिशनचा आधार मिळाला. धाकट्या भावाच्या मुलांपर्यंत मिशनचा हात पोचला नाही आणि अनुसूचित जातीची सवलतही नाही. म्हणून गावोगाव कागदावर हिंदू आणि मंडळीत ख्रिस्ती अशी घरं आहेत. शहरातले काही ख्रिस्ती त्यांना 'सवलतीसाठी विश्वास लपवणारे' म्हणून नाक मुरडतात. ज्याच्या आजोबाची फी दुसऱ्याने भरली त्याने हे बोलू नये, एवढंच माझं म्हणणं.

मग भाऊबंदांना द्यायचं का, आणि कसं? तुमच्या मंडळीत बहुधा न वाचलेली दुसरी जागा म्हणजे मार्कचा सातवा अध्याय. लोक आपली मालमत्ता 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेली, असं जाहीर करायचे आणि आईबापांना सांगायचे की तुम्हाला द्यायला आता काही उरलं नाही. येशूने याला देवाची आज्ञा मोडणं म्हटलंय. दशमांश भरून भाऊबंदांसमोर हात झटकणं त्याच्या फार जवळ जातं. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच ठेवून लेवी, उपरी, पोरकी आणि विधवा यांनी पोटभर खावं असं सांगितलंय. म्हणजे दशमांशातच गरिबाचं ताट वाढलेलं होतं. तो सगळाच्या सगळा इमारतीला आणि साउंड सिस्टिमला जायचा नव्हता.

यातलं किती तुम्हाला लागू पडतं ते तुमच्या परिस्थितीवर आहे. दोन घरांचे हप्ते चालू असतील, नोकरीची शाश्वती नसेल, आईवडिलांचं औषधपाणी असेल, तर आकडा वेगळा येईल. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला दुसऱ्या पत्रात हे स्पष्ट लिहिलंय: इतरांचं ओझं उतरावं आणि तुमच्यावर चढावं असा माझा हेतू नाही, समानता व्हावी असा आहे, आज तुमच्या भरपूर असण्याने त्यांची उणीव भरावी, उद्या त्यांच्या असण्याने तुमची. मला यातलं 'उद्या' महत्त्वाचं वाटतं. पौल देणारा कायमचा देणारा आणि घेणारा कायमचा घेणारा असं धरत नाही.

गावात मी जे बिघडताना पाहिलंय ते इथेच. पुण्याचा भाऊ दरवर्षी नाताळला पाकिटं वाटतो. मग ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कोणाला मत द्यायचं ते तोच सांगतो, पोरीचं लग्न कुठे करायचं तेही सांगतो, आणि चुलता त्याच्यासमोर खाटेवर बसायचा थांबतो. लूकच्या बाविसाव्या अध्यायात येशू म्हणतो की परराष्ट्रीयांवर सत्ता चालवणाऱ्यांना उपकारकर्ते म्हणतात, तुम्ही तसे होऊ नका. तेव्हा पाकीट नको. उचल फेडायला रोख देणंही मी सहसा सुचवत नाही. एक उचल फिटली की मुकादम दुसरी घेऊन दारात उभा असतो, कारण घरात पावसाळ्यात दुसरं उत्पन्न नसतं. ज्यांचं निभावलेलं पाहिलंय त्यांनी बहुधा दोन गोष्टींपैकी एक केली. हंगामात पोरं आईबापांबरोबर फडावर न जाता शाळेतच राहतील अशी सोय लावली: हॉस्टेलची फी, किंवा मागे थांबणाऱ्या आजीचा घरखर्च. नाहीतर घराला गावात टिकवणारं काही उभं केलं: शेळ्या, पिठाची गिरणी, बोअर. कोणतं ते तुम्ही ठरवू नका, त्यांना विचारा. त्यांच्या घरातल्या बाईला वेगळं विचारा. टोळीत नवरा-बायको मिळून एकच 'कोयता' म्हणून मोजतात आणि पैसे नवऱ्याच्या हातात येतात, त्यामुळे तिचं उत्तर अनेकदा निराळं निघतं.

'काम करण्याची इच्छा नसेल तर त्याने खाऊ नये' हे वचन भाऊबंदांच्या बाबतीत कोणीतरी तुम्हाला ऐकवेलच. थेस्सलनीकाकरांना पौलाने ते लिहिलं ते आळशीपणे, लुडबुड करत फिरणाऱ्यांसाठी. पहाटेच्या थंडीत फडात उतरून मोळ्या डोक्यावर वाहणाऱ्यांना ते ऐकवणं मला पटत नाही. 'गरीब सदा तुमच्याजवळ आहेत' याचंही तसंच होतं. येशू तिथे अनुवादाचा पंधरावा अध्याय उच्चारतो आहे, आणि तिथलं वाक्य पुढे असं जातं: म्हणून मी तुला आज्ञा करतो, आपल्या गरीब बंधूसाठी हात सैल सोड.

आता किती, हा प्रश्न. चर्चच्या इतिहासात याला एकच उत्तर नाही. साधारण २०० सालच्या सुमाराला आलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने मार्कच्या त्याच गोष्टीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, धन हे हत्यार आहे, सोडायची आहे ती त्याची हाव. सगळ्यांनी सगळं फेकून दिलं तर भुकेल्याला खायला कोण घालणार? चौथ्या शतकातला बेसिल, आजच्या तुर्कस्तानातल्या कैसरियाचा, स्वतः बड्या जमीनदार घरातला, दुष्काळाच्या दिवसांत याच्या उलट बोलला: तुझ्या घरात साठवलेली भाकर भुकेल्याची आहे, पेटीत ठेवलेला झगा उघड्याचा, कुजत पडलेले जोडे अनवाण्याचे. त्याच शतकातला प्रसिद्ध उपदेशक क्रिसोस्तोम लाजरावरच्या प्रवचनांत आणखी पुढे गेला, आपलं गरिबांना न देणं ही चोरीच म्हणाला. मी क्लेमेंटला खोटं पाडत नाही, पण माझा अनुभव असा की ज्यांना क्लेमेंट आवडतो त्यांना बेसिल ऐकवावा लागतो. हाव सुटली आहे हे प्रत्येकाला स्वतःबद्दल खरं वाटतं. खातेपुस्तक वेगळं सांगतं.

व्यवहारात मी मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याची रीत सांगतो. त्याने एका प्रवचनात ऑक्सफर्डच्या एका तरुणाची गोष्ट दिली आहे. तो तरुण वेस्ली स्वतःच असं मानतात. पहिल्या वर्षी मिळकत ३० पौंड, खर्च २८, दान २. दुसऱ्या वर्षी मिळकत ६०, खर्च २८च, दान ३२. तिसऱ्या वर्षी ९० मिळाले, दान ६२. चौथ्या वर्षी १२०, दान ९२. टक्केवारी दरवर्षी बदलली, राहणी बदलली नाही. तुमच्यासारख्या दरवर्षी पगारवाढ होणाऱ्याला दशमांशापेक्षा ही रीत जास्त प्रामाणिक पडते, कारण दहा टक्के देताना उरलेले नव्वद दरवर्षी वाढत जातात आणि त्यांच्याबद्दल कोणी काही विचारत नाही. २८ पौंडांवर गोठून राहा असं मी म्हणणार नाही. मुलं मोठी होतात, महागाई वाढते. पण 'आम्हाला पुरे' याचा एक आकडा लिहून ठेवा आणि पगारवाढ झाली की आधी त्या कागदाकडे बघा.

दुसरा फ्लॅट विकायचा का, असं तुम्ही कंसात विचारलंय. पहिल्या मंडळीतल्या बर्णबाने शेत विकून पैसे मंडळीला दिले, पण शेत विकून काही पैसे लपवणाऱ्या हनन्याला पेत्र म्हणाला की शेत तुझंच होतं, विकल्यावरचे पैसेही तुझ्याच हाती होते. दोष खोटं बोलण्याचा आहे. तेव्हा सक्ती नाही. मी एवढंच विचारीन की तो रिकामा आहे का. भाड्याने दिलेला असेल तर निदान त्या भाड्याचं काय करायचं ते आजच ठरवता येईल. किंमत वाढावी म्हणून कुलूप लावून ठेवला असेल तर लूकच्या बाराव्या अध्यायातल्या कोठारं मोडून मोठी बांधणाऱ्याची गोष्ट दोघांनी एकत्र वाचा.

मंडळीच्या दशमांशातून काही भाग गावाकडे वळवला तर पाळकांना सांगायचं का? सांगा. लपवलं की त्याचंच ओझं होतं, आणि पाळक भला असेल तर तुमचंच उदाहरण तो दुसऱ्यांना देईल. गावच्या मंडळीलाही विसरू नका. तिथल्या पाळकाचं मानधन किती असतं ते विचारलंत तर तुम्ही गप्प व्हाल. आणि गावी गेलात की प्रभुभोजनाच्या दिवशी मागच्या बाकावर भावांच्या शेजारी बसा. करिंथात श्रीमंत आधी येऊन खाऊन पिऊन तृप्त व्हायचे, ज्यांच्याजवळ काही नव्हतं ते उपाशी राहायचे, आणि पौलाने स्पष्ट लिहिलं की हे प्रभूचं भोजन नव्हेच.

राहिली तुमच्या मिसेसची नाराजी. पगार दोघांचा आहे, तेव्हा तिच्या मनाविरुद्ध एक रुपयाही देऊ नका, आणि वचनं तिच्या अंगावर फेकू नका. तिचं माहेर कुठलं, तिथे कोण मागे राहिलं, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. कदाचित तिथलेही कोणी वाट बघत असतील. आधी मावशींचा पगार, मग एका वर्षापुरता एक आकडा, एवढंच दोघांनी मिळून ठरवा. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीला निघतात, म्हणजे मुलांच्या हॉस्टेलचं काही करायचं असेल तर भाऊबंदांशी बोलणं त्याच्या बरंच आधी, शाळा सुरू होताना व्हायला हवं.